पूल हलतो, पण किती?

पुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आपल्याकडे बहुधा पावसाळ्यातच चर्चेला येतो आणि तोही एखादा पूल पडल्यावर. २०२५ च्या पावसाळ्याने ही वेळ दोनदा आणली. १५ जून रोजी मावळ तालुक्यात कुंडमळा येथील इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला; चार जण मृत्युमुखी पडले आणि पन्नासाहून अधिक जखमी झाले. या घटनेला महिनाही उलटला नव्हता, तोच ९ जुलै रोजी शेजारच्या गुजरात राज्यात वडोदरा व आणंद हे जिल्हे जोडणाऱ्या महीसागर नदीवरील गंभीरा पुलाचा एक भाग सकाळच्या वाहतुकीसह नदीत गेला. तेथे वीसहून अधिक माणसे दगावली. यांपैकी पहिला पूल सुमारे तीस वर्षांचा होता. दुसरा १९८५ मधला. इंग्रजी अमदानीतील जीर्ण बांधकाम म्हणून ज्यांची बोळवण करता येईल, असे हे पूल नव्हेत.

या दोन्ही घटनांमध्ये एक साम्य आहे. धोक्याची जाणीव लोकांना आधीपासून होती. कुंडमळ्याच्या पुलापाशी तो धोकादायक असल्याचा फलक होता. गंभीरा पुलाविषयी ‘पूल हलतो’ अशी तक्रार स्थानिक लोकांनी दुर्घटनेपूर्वीच केली होती. परंतु ‘पूल हलतो’ या तक्रारीला सरकारी दप्तरात फारसे वजन नसते आणि त्याला कारणही आहे. प्रत्येकच पूल हलतो. किंबहुना तो हललाच पाहिजे. भार आल्यावर किंचित वाकणे आणि भार गेल्यावर पूर्वस्थितीला येणे हा सुदृढ पुलाचा धर्मच आहे. म्हणून ‘हलतो’ या शब्दाला ‘सगळेच पूल हलतात’ हे उत्तर तयार असते. खरा प्रश्न तो किती हलतो, पूर्वी किती हलत होता आणि या दोहोंत फरक किती पडला, हा आहे. या प्रश्नाचे उत्तर आपल्या बहुसंख्य पुलांच्या बाबतीत कोणापाशीही नाही. ते मिळवण्याचे साधन आता आवाक्यात आले असल्यामुळे ते नसणे यापुढे क्षम्य मानता येणार नाही.

डोळा आणि हातोडा

पुलांची तपासणी होतच नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. इंडियन रोड्स काँग्रेसने तपासणी व देखभालीविषयी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आहेत आणि पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर पूल पाहण्याची पद्धत आहे. परंतु या तपासणीचे मुख्य साधन आजही अभियंत्याचा डोळा व त्याच्या हातातील हातोडा हेच आहे. तडा दिसला तर त्याची नोंद होते, गंज दिसला तर रंगकाम सुचवले जाते, आणि पुलाची अवस्था ‘चांगली’, ‘बरी’ किंवा ‘असमाधानकारक’ अशा विशेषणांत बांधली जाते. विशेषणांचा दोष असा की, दोन अभियंत्यांची विशेषणे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत आणि एकाच अभियंत्याची दोन वर्षांतली विशेषणेही वजा करता येत नाहीत.

याची किंमत आपण मोजलेली आहे. महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८ चा दगडी कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला. राज्य परिवहनाच्या दोन बसगाड्या व इतर वाहने नदीने गिळली. सुमारे चाळीस माणसे गेली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात या पुलाची पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीस योग्य ठरला होता, असे तेव्हा शासनाकडूनच सांगण्यात आले. १४ मार्च २०१९ रोजी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसलगतचा ‘हिमालय’ पादचारी पूल ऐन गर्दीच्या वेळी कोसळला. त्याचेही ‘स्ट्रक्चरल ऑडिट’ झालेले होते आणि किरकोळ दुरुस्त्या सुचवून त्याला वापरास योग्य ठरवण्यात आले होते. तपासणी झाली नाही म्हणून हे पूल पडले असे नव्हे. तपासणी होऊनही ते पडले. तेव्हा ‘सर्व पुलांची तातडीने तपासणी करा’ या प्रत्येक दुर्घटनेनंतर निघणाऱ्या आदेशाने फारसे काही साधणार नाही. तपासणीत काय मोजले जाते, हे आधी पाहिले पाहिजे.

कॅमेरा काय मोजतो?

पुलाचे वाकणे मोजण्याच्या पद्धती जुन्याच आहेत. नवा पूल झाल्यावर किंवा जुन्याबद्दल शंका आल्यावर त्यावर ठराविक भार ठेवून तुळई किती खाली झुकते ते पाहतात. हा भार चोवीस तासांनी काढल्यावर पुढील चोवीस तासांत साध्या सलोह काँक्रीटच्या पुलाने आपल्या झुकावापैकी निदान ७५ टक्के आणि पूर्वताणित काँक्रीटच्या पुलाने ८५ टक्के झुकाव भरून काढावा, असा संकेत आहे. कसोटी उत्तम आहे. पण ती पार पाडायची म्हणजे वाहतूक बंद ठेवावी लागते, भारलेल्या मालमोटारी आणाव्या लागतात आणि पुलाखाली पराती बांधून मोजमापाची उपकरणे टेकवावी लागतात. खाली वाहती नदी, खाडी किंवा रेल्वेचे रूळ असतील तर हे काम जिकिरीचे होते. पुलावर कंपनमापक चिकटवता येतात, परंतु त्यांना तारा, वीज आणि निगा लागते. शिवाय त्यांच्या नोंदीवरून प्रत्यक्ष सरकणे काढताना गणितातली चूक साचत जाते. उपग्रहाधारित मापन लांबलचक झुलत्या पुलांना ठीक. आपल्या तीस-चाळीस मीटरच्या गाळ्यांचे मिलिमीटरांतले वाकणे त्याच्या चिमटीत सापडत नाही.

कॅमेऱ्याने ही अडचण पुष्कळ अंशी दूर केली आहे. नदीकाठी, पुलापासून दूर, भक्कम जमिनीवर तिकाटणे रोवून कॅमेरा पुलाच्या एखाद्या खुणेवर रोखायचा. ही खूण मुद्दाम चिकटवलेली पाटी असेल, किंवा पुलावरचाच एखादा रिव्हेट वा काँक्रीटवरचा डाग असेल. चित्रीकरण चालू असताना वाहने जात राहतात. वाहतूक थांबवावी लागत नाही. नंतर संगणक प्रत्येक चित्रात ती खूण कोठे आहे ते शोधतो आणि पहिल्या चित्राच्या तुलनेत ती किती सरकली ते सांगतो. चित्रात आठ मीटर रुंदीचा भाग चार हजार चित्रबिंदूंत सामावला असेल, तर एक बिंदू म्हणजे दोन मिलिमीटर. खुणेभोवतीच्या असंख्य बिंदूंची छटा एकत्र विचारात घेतल्यामुळे संगणकाला बिंदूचा दहावा हिस्साही ओळखता येतो. म्हणजे अनुकूल परिस्थितीत मिलिमीटराचा पाचवा हिस्सा. भरलेल्या मालमोटारीखाली चाळीस मीटरचा गाळा काही मिलिमीटर झुकतो, हे लक्षात घेता ही अचूकता व्यवहाराला पुरेशी आहे.

याच चित्रीकरणातून दुसरी एक गोष्ट हाती येते, ती म्हणजे पुलाची नाडी. सतारीच्या तारेप्रमाणे प्रत्येक पुलाला स्वतःची कंपनसंख्या असते. चाळीस मीटरचा गाळा सेकंदाला साधारण दोन ते चार वेळा खालीवर होतो. सेकंदाला तीस किंवा साठ चित्रे घेणारा कॅमेरा ही लय सहज पकडतो. पूल आतून दुबळा झाला, त्याची ताठरता कमी झाली, की ही लय मंदावते. ताठरता दहा टक्क्यांनी घटली तर कंपनसंख्या पाचेक टक्क्यांनी खाली येते.

हे सर्व प्रयोगशाळेतले स्वप्नरंजन नाही. चित्रांची परस्परांशी गणिती तुलना करून पदार्थाचे सरकणे मोजण्याची पद्धत अमेरिकेतील साउथ कॅरोलायना विद्यापीठात १९८० च्या दशकाच्या आरंभी विकसित झाली. इंग्लंडमधील १४१० मीटरच्या मुख्य गाळ्याच्या हंबर पुलावर कॅमेऱ्याने हालचाल टिपण्याचे प्रयोग १९९० च्या दशकातच झाले. २०१२ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी डोळ्याला न दिसणारी सूक्ष्म हालचाल चित्रात अनेकपटींनी मोठी करून दाखवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तेव्हापासून आजवर कॅमेरे स्वस्त झाले आणि संगणक वेगवान झाले. पूर्वी जे काम मोजक्या महत्त्वाच्या पुलांपुरते परवडे, ते आता तालुक्यातल्या पुलालाही परवडू शकते; कारण एकच उपकरणसंच आज एका पुलावर, तर उद्या दुसऱ्या पुलावर नेता येतो.

जे कॅमेऱ्याला दिसत नाही

तथापि कोणत्याही नव्या साधनाचे स्वागत करताना त्याच्या मर्यादा न सांगणे हा अप्रामाणिकपणा होईल. वाऱ्याने कॅमेराच हलला तर पूल हलल्याचा भास होतो. म्हणून चित्रात एखादा निश्चल संदर्भबिंदू ठेवावाच लागतो. उन्हाने तापलेल्या हवेत दूरची खूण थरथरते. धुके, अंधार आणि कोकणातला मुसळधार पाऊस यांत कॅमेरा निकामी होतो, आणि पुलांना धोका नेमका त्याच काळात अधिक. शिवाय तापमानाने पूल स्वतःच बदलतो. स्वित्झर्लंडमधील ‘झेड-२४’ नावाचा पूल १९९८ मध्ये पाडण्यापूर्वी त्याची जवळपास वर्षभर मापने घेतली होती. तेव्हा असे आढळले की, कडाक्याच्या थंडीत पृष्ठभागावरचे डांबर गोठल्यामुळेच पुलाची ताठरता वाढून कंपनसंख्या बदलते. आपल्याकडे बर्फ नसला, तरी पौषातली पहाट आणि वैशाखातली दुपार यांत मोठा फरक आहे. वर्षातून एकदा घेतलेल्या एका आकड्यावरून निष्कर्ष काढणारा म्हणूनच फसेल.

याहून गंभीर मर्यादा दोन आहेत. पहिली, काँक्रीटच्या पोटातल्या गंजाची. पणजीचा १९७० च्या सुमारास पूर्ण झालेला मांडवी पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. काँक्रीटच्या आतील ताणलेल्या पोलादी तारांना लागलेला गंज त्याला भोवला. मुंबईला वाशीशी जोडणाऱ्या ठाणे खाडीवरील पहिल्या पुलालाही याच रोगाने पछाडले होते. जर्मनीत ड्रेस्डेन शहरातील कारोला पुलाचा एक भाग ११ सप्टेंबर २०२४ च्या पहाटे कोसळला, तेव्हाही कारण आतल्या तारांचे तुटणे हेच निघाले. अशा तारा एकेक करून तुटत असताना पुलाचे वाकणे बराच काळ जवळजवळ बदलत नाही. बदलते तेव्हा वेळ थोडा उरलेला असतो. दुसरी मर्यादा पायाची. पुराचे पाणी खांबाच्या बुडाशी वाळू व माती उपसून नेते. काठावरचा कॅमेरा गढूळ पाण्याखाली पाहू शकत नाही. तेथे पाणबुडे, खोली मोजणारी उपकरणे आणि पाण्याच्या पातळीची सूचना देणारी यंत्रणा हवी. कोकण रेल्वेने काळ, सावित्री व वाशिष्ठी या नद्यांवरील पुलांवर अशी सूचनायंत्रणा बसवली आहे. पाणी धोक्याच्या खुणेजवळ आल्याचे तिच्यामुळे वेळीच कळते. तेव्हा कॅमेरा हा वैद्याच्या हातातील नाडीपरीक्षेसारखा आहे. कोणाला पुढील तपासणीची निकड आहे, हे तो सांगेल. सर्व रोगांचे निदान तो करणार नाही. हजारो पुलांतून कोणते शंभर आधी तपासावेत हे कळणे, एवढा लाभही लहान नाही.

चित्र होते, वाचक नव्हता

परंतु या विषयातील सर्वांत महत्त्वाचा धडा तंत्राचा नाही. तो अमेरिकेत मिळाला. त्या देशात १९६७ मध्ये ओहायो नदीवरील ‘सिल्व्हर ब्रिज’ कोसळून ४६ माणसे मेली. त्यानंतर पुलांच्या तपासणीचे राष्ट्रीय नियम झाले आणि साधारणपणे दर दोन वर्षांनी तपासणी बंधनकारक झाली. तरीही १ ऑगस्ट २००७ रोजी मिनियापोलिस येथील मिसिसिपी नदीवरचा महामार्गपूल कोसळला. १३ मृत्यू झाले आणि १४५ जण जखमी झाले. सांध्यांवरची पोलादी पत्रे आवश्यकतेच्या निम्म्याच जाडीची होती, असे चौकशीत निष्पन्न झाले. त्याच चौकशीत आणखी एक गोष्ट उघड झाली. १९९९ आणि २००३ मध्ये काढलेल्या छायाचित्रांत ही पत्रे वाकलेली स्पष्ट दिसत होती! चित्र दप्तरात होते. ते कोणी मोजले नाही.

पुढे २०२१ च्या मे महिन्यात मेम्फिस येथे मिसिसिपीवरच्याच दुसऱ्या एका मोठ्या पुलाच्या मुख्य पोलादी तुळईला तडा गेल्याचे आढळले. पूल ताबडतोब बंद झाला आणि सुमारे तीन महिने दुरुस्ती चालली. जुनी चित्रे चाळली, तेव्हा दोन वर्षांपूर्वी ड्रोनने केलेल्या चित्रीकरणात तो तडा दिसला. इतकेच नव्हे, तर नदीत होडी वल्हवणाऱ्या एका हौशी माणसाने २०१६ मध्ये काढलेल्या छायाचित्रातही तो दिसला. येथे दैव बलवत्तर म्हणून पूल उभा राहिला. दोन्ही उदाहरणांत कॅमेरा होता आणि कॅमेऱ्याने आपले काम केले होते. चित्र पाहणे, त्याचा अर्थ लावणे आणि त्यावरून निर्णय घेणे ही कोणा एकाची बांधील जबाबदारी नव्हती, येथे सारे फसले.

आपल्याकडे तर ही जबाबदारी आणखी विखुरलेली आहे. पुलाचा मालक कधी सार्वजनिक बांधकाम खाते, कधी जिल्हा परिषद, कधी महानगरपालिका, कधी रेल्वे, तर कधी राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण. ३ जुलै २०१८ रोजी अंधेरीच्या गोखले पुलाचा पदपथ रुळांवर कोसळला, तेव्हा देखभाल रेल्वेची की महापालिकेची, हा वाद दुर्घटनेनंतर रंगला. केंद्र शासनाने २०१६ मध्ये पुलांची राष्ट्रव्यापी नोंदणी सुरू केली, हे स्वागतार्हच. पण नोंदणी म्हणजे पुलाची जन्मपत्रिका, प्रकृतीचा आलेख नव्हे.

आकड्याने कोणाला बांधावे?

म्हणून कॅमेरे विकत घेण्याची निविदा काढून शासनाने समाधान मानू नये. त्याआधी चार गोष्टींचा निर्णय व्हावा. पहिली, प्रत्येक मोठ्या पुलाचे आजचे मापन आजच्या तारखेसह नोंदवून ठेवावे आणि ते निदान तीन ऋतूंत घ्यावे. कारण मूळ आकडाच नसेल, तर उद्याच्या आकड्याला अर्थ नाही. दुसरी, कोणत्या आकड्याला वाहतूक मर्यादित करायची आणि कोणत्या आकड्याला पूल बंद करायचा, हे शांत वेळी, लेखी ठरवून ठेवावे. तिसरी, ती मर्यादा ओलांडली गेल्यास पूल बंद करण्याचा अधिकार आणि कर्तव्य एका नामनिर्देशित अभियंत्याकडे असावे; त्यासाठी वरिष्ठांच्या अनुमतीची वाट पाहावी लागू नये. चौथी, हे आकडे जनतेला पाहता यावेत. मोजमापाच्या कामाला मनुष्यबळ नाही, ही सबब टिकणारी नाही. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय, मुंबईची व्हीजेटीआय, सांगलीचे वालचंद, नागपूरची विश्वेश्वरय्या संस्था यांच्यासारख्या संस्था आपापल्या भागातील पुलांचे मापन दरवर्षी करू शकतील. विद्यार्थ्यांना शिक्षण मिळेल आणि खात्याला तटस्थ नोंद.

यातली तिसरी सूचना सर्वांत अवघड आहे, याची जाणीव ठेवली पाहिजे. पूल बंद करणे सोपे नसते. पलीकडच्या वाडीतल्या मुलांची शाळा, दूधवाल्याची फेरी, बाळंतिणीला दवाखान्यात नेणारी गाडी हे सारे त्या पुलावरून जाते. धोकादायक ठरलेला पूल लोक वापरत राहतात, ते बेफिकिरीने नव्हे. पुष्कळदा दुसरा रस्ताच नसतो. अशा वेळी पूल बंद करू पाहणाऱ्या कनिष्ठ अभियंत्यावर गावाचा, पुढाऱ्याचा आणि कंत्राटदाराचा दबाव येतो. त्याच्या हाती केवळ आपले मत असेल, तर तो झुकतो आणि एक फलक लावून मोकळा होतो. त्याच्या हाती आकडा असेल, तर त्याला उभे राहायला आधार मिळतो. तोच आकडा गावकऱ्यांच्याही हाती असेल, तर ‘पूल हलतो’ ही त्यांची तक्रार कोणाला हसण्यावारी नेता येणार नाही आणि पर्यायी मार्गाची मागणीही त्यांना बळाने करता येईल. पूल बंद करणाऱ्यावरच तात्पुरत्या मार्गाची सोय करण्याचेही बंधन असले पाहिजे, हे वेगळे सांगायला नको. सावित्रीवरचा नवा पूल दुर्घटनेनंतर वर्षभराच्या आत, जून २०१७ मध्ये, वाहतुकीस खुला झाला होता. मनावर घेतले तर आपली यंत्रणा किती वेगाने काम करू शकते, याचा तो दाखला आहे. मात्र त्या वेगासाठी आधी चाळीस माणसे जावी लागली.

दुर्घटना, आदेश, तपासणी, अहवाल आणि विस्मरण हे चक्र आपल्या अंगवळणी पडले आहे. मृतांच्या वारसांना मदत जाहीर होते, चौकशी समिती नेमली जाते आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत ‘येरे माझ्या मागल्या’. पुलाने आपल्या दुखण्याची सूचना दिलीच नाही, असे क्वचितच घडते. तो वाकतो, थरथरतो, त्याची लय बदलते. ती मोजण्याचे साधन आज उपलब्ध आहे आणि ते महागही राहिलेले नाही. मोजलेला आकडा कोणाच्या मेजावर जाणार आणि तो आकडा पाहिल्यावर त्या माणसाला काय करावेच लागणार, हे मात्र कॅमेरा ठरवू शकत नाही. ते शासनाने ठरवायचे आहे, आणि ते येत्या पावसाळ्यापूर्वी ठरवायचे आहे.